गणिताचा उन्हाळा

"तुमचं नाव मुलाखतीला नाही," कारकुनाने खिडकीतूनच सांगितलं.

सत्यशीलाला वाटलं, आपल्या ऐकण्यात काही चुकलं. पूर्ण्याहून रात्रीची गाडी धरून ती औरंगाबादला आली होती, कानात अजून डब्याचा खडखडाट होता. "सत्यशीला हनवते," ती पुन्हा म्हणाली. "पूर्णा, जिल्हा परभणी."

"तेच पाहिलं की. भाषेच्या पेपरात तुमच्या वर दोघंतिघंच आहेत. पण गणितात तुम्ही पार खाली गेलात. गणिताला वेगळी अट आहे." आणि कारकून मागच्या पोराला म्हणाला, "हं, बोला."

बिझनेस मॅनेजमेंटचा दोन वर्षांचा कोर्स त्या कॉलेजात नुकताच निघाला होता. सत्यशीला पूर्ण्याच्या खरेदी-विक्री संघात नोकरीला होती. बी. ए. झाल्यावर लागलेली ती संघातली एकुलती एक बाई. बहात्तरच्या दुष्काळात तिने एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली होती. गोदामात ज्वारीची पोती होती, बाहेर माणसं उन्हात बसून होती, मधे ट्रक होता, हमाल होते, आणि तरी दोन दोन दिवस पोतं हलत नव्हतं. कुणाची बदमाशी असती तर तिचं तिला समाधान झालं असतं. पण बदमाशी नव्हती. कोणतं काम आधी आणि कोणतं मागून, हेच कुणी ठरवलेलं नव्हतं. शेवटी गावांचा क्रम तिनेच कागदावर लावून दिला, तेव्हा पोती हलली. ती गोष्ट तिच्या डोक्यातून गेली नाही. असलं काही शिकवणारा कोर्स निघालाय हे कळलं तेव्हा तिने कुणाला न विचारता अर्ज धाडला होता.

ती खिडकीपासून हलली, पण जिन्याकडे गेली नाही. विभागप्रमुखांच्या खोलीबाहेर जाऊन उभी राहिली. दुपारी ते जेवायला निघाले तेव्हाही ती तिथेच होती.

"काय आहे?" त्यांनी विचारलं. जाड चष्म्याचे, थकल्या आवाजाचे गृहस्थ होते.

"सर, माझं गणित कच्चं नाही. मी ते शिकलेच नाही."

ते थांबले. तिने सांगितलं. आठवीत गणिताच्या सरांनी मुलींना म्हटलं होतं की अंकगणितावरही मॅट्रिक होता येतं, बीजगणित कशाला डोक्याला लावून घेता. सगळ्या मुली उठून शिवणाच्या वर्गात गेल्या होत्या. "आणि सर, खरं सांगायचं तर सगळ्यांत आधी मीच उठले होते. लई बरं वाटलं होतं मला तेव्हा."

विभागप्रमुखांना हसू आलं, पण ते त्यांनी आवरलं. "हे बघा, मी तुम्हाला गोड बोलून परत पाठवणार नाही. पहिल्या सहामाहीत इथं स्टॅटिस्टिक्स आहे. ज्यांचा पाया नाही ती मुलं रडकुंडीला येतात. दोघं तर गेल्या साली घरी निघून गेली. तुम्हाला तसंच आत घेणं ही काही मेहरबानी होणार नाही."

"मग काय करू?"

"शिका. मे महिन्यात नांदेडला व्यापारी गणिताची सर्टिफिकेट परीक्षा असते. तिच्यात दुसरा वर्ग काढा. जिथं नोकरी करता तिथल्या साहेबांचं पत्र आणा. मुलगी गुणी आहे वगैरे नको, आकड्यांचं काम तुम्ही काय केलंत ते लिहिलेलं पाहिजे. एवढं केलंत तर तुमचं नाव मी समितीपुढं ठेवीन. समिती घेईलच असं नाही."

परतीच्या गाडीत सत्यशीला खिडकीशी बसून राहिली. परभणी गेलं, मिरखेल गेलं. दीड महिन्यात आठवी, नववी, दहावीचं बीजगणित. शिकवणार कोण? गावात गणिताचे मास्तर एकच होते, आणि आठवीत तिला वर्गातून उठवलं होतं ते त्यांनीच.

बन्सीधर सर आता म्हातारे झाले होते. ओट्यावर आरामखुर्ची टाकून बसले होते. तिने आपलं सगळं त्यांना सांगितलं.

"माझं पोटाचं ऑपरेशन झालंय," ते म्हणाले. "मी शिकवण्या बंद केल्यात."

"सर, आठवीत तुमीच आमाला उठवलं होतं."

घाबरली की तिच्या तोंडी घरचं बोलणं यायचं. ते आत्ता आलं, आणि शब्द निघून गेल्यावर तिचं तिलाच धस्स झालं. सर मात्र चिडले नाहीत.

"सगळ्याच मुलींना उठवत होतो," ते म्हणाले. मग पाय खाली सोडत म्हणाले, "उद्या उजाडताना ये. मला वाट बघायला लावलीस तर परत येऊ नकोस."

दुसऱ्या दिवसापासून तिचा उन्हाळा सुरू झाला. सर ओट्यावरच शिकवायचे, घरात बोलावत नसत. ती परकी बाई म्हणून, की हनवत्यांच्या जातीची म्हणून, हे तिने विचारलं नाही. विचारून बीजगणित सुटणार नव्हतं. पाटीवर सर एकदा सोडवून दाखवायचे, पुसून टाकायचे आणि म्हणायचे, "आता तू." तिचं चुकलं की पुन्हा पुसायचे. पहिल्या आठवड्यात तिला रोज रडू यायचं. तोंड धुऊन ती संघात कामाला जायची, आणि संध्याकाळी पुन्हा तेच घेऊन बसायची.

ती राहायची ते रेल्वेच्या क्वार्टरात. बाप सटवाजी गँगमन होता. रुळावर चालून चालून त्याची चालच अशी झाली होती की सपाट रस्त्यावरही तो रुळाखालचे स्लीपर मोजल्यासारखा पाय टाकायचा. एका संध्याकाळी तो तिच्या मागे येऊन उभा राहिला.

"काय करायलीस एवढं डोळे फोडून?"

"गणित, दादा."

"अन् ह्यो क्ष कोण हाय? जिथं तिथं दिसायलाय."

"जो सापडत न्हाई तो."

"मंग सापडला का?"

"कधी सापडतो, कधी न्हाई."

सटवाजी हसला आणि खाटेवर जाऊन बसला. पण त्याचं लक्ष दुसरीकडे होतं. स्टेशनात त्या दिवसांत एकच विषय चालला होता. सगळ्या देशातल्या रेल्वे थांबणार होत्या. युनियनची माणसं क्वार्टरांच्या लाइनीत येऊन बसत, चहा होई, आवाज चढत.

मे उजाडला आणि संप झाला. पहाटे सत्यशीलाला जाग आली ती सटवाजी वहाणा हातात घेऊन दाराशी उभा होता तेव्हा. "म्या पालमला जायलो, बहिणीकडं," तो बायकोला, सरजाबाईला म्हणाला. "कुणी विचारलं तर ठाव न्हाई म्हणा. कामावर जा म्हणून पोलीस धरून न्यायलेत लोकांना." मुलीकडे पाहून म्हणाला, "तुझी परीक्षा हाय. ती सोडू नको." आणि अंधारात निघून गेला.

पूर्ण्याला जन्मापासून इंजिनांचा आवाज ऐकलेल्या माणसांना त्या दिवसापासून झोप लागेना. शंटिंग नाही, शिट्टी नाही. गाव बहिरं झाल्यासारखं वाटायचं. दुपारी लाइनीत पोलिसांची जीप फिरायची. सरजाबाई दारात तांदूळ निवडत बसायची. "नवरा कुठाय?" विचारलं की मान वर न करता म्हणायची, "ठाव न्हाई." दोनदा ते घरात शिरून खाटेखाली पाहून गेले. दुसऱ्या वेळी सत्यशीला कोपऱ्यात पाटी घेऊन बसली होती. एका शिपायाने पाटीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि तो बाहेर गेला. तो गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण तोच एक आकडा गिरवत बसलोय.

संघातही वारं फिरलं होतं. मॅनेजर किशनराव भला माणूस, पण भित्रा. पत्राचं विचारलं की म्हणायचे, "देतो की, जरा हे निवळू दे." चेअरमननी त्यांना सुनावलं होतं म्हणे, संपवाल्यांच्या घरच्यांना जास्त जवळ करू नका. तिने चारदा विचारलं, चारदा तेच उत्तर.

परीक्षेच्या आदल्या दिवशी जीप आली ती भोंगा लावून. संपावरच्यांनी कामावर हजर व्हावं, नाहीतर उद्या क्वार्टरं खाली करून घेतली जातील. भोंगा लाइनीच्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. बायका दारांत उभ्या राहून ऐकत होत्या. 

सरजाबाईने आत जाऊन भांडी पोत्यात भरायला घेतली. सत्यशीलाने तिच्या हातातून परात काढून घेतली.

"माय, म्या उद्या जात न्हाई."

"कुठं?"

"नांदेडला. परीक्षा पुन्हा येती."

"कवा येती?"

सत्यशीलाला खोटं बोलता आलं नाही. "पुढच्या साली."

"मंग?" सरजाबाई म्हणाली. "पुढच्या साली काय तुझा बाप स्टेशनमास्तर व्हणार हाय?"

"तुला एकटीला भांडीकुंडी घेऊन रस्त्यावर बसवू?"

"एकटी कुठं हाय म्या. सगळी लाइन हाय. उद्या आमी बाया दारात बसणार. उठवायचं तर हात धरून उठवा म्हणावं." परात तिने परत घेतली. "तू हितं बसून काय करशील? त्यांना तुझं गणित दाखवशील?"

पहाटे सत्यशीला मोटार स्टँडवर गेली तेव्हा तिथे जत्रेसारखी गर्दी होती. रेल्वे बंद, सगळा भार एस.टी.वर. पहिली गाडी थांबलीच नाही. दुसरीच्या दाराला माणसं लोंबकळत होती. तिने एकाच्या खांद्यावरून आत हात घातला, पण कंडक्टरने घंटी मारली आणि ती बाजूला फेकली गेली. पिशवीतली पट्टी मोडली. ऊन वर आलं होतं. तिसऱ्या गाडीची कुणाला खात्री नव्हती.

तेवढ्यात संघाचा ट्रक रस्त्याला लागलेला तिला दिसला. खतं आणायला तो नांदेडला चालला होता. तिने मधोमध जाऊन हात केला. ड्रायव्हरशेजारी किशनराव बसले होते. तिला पाहून त्यांनी तोंड फिरवलं, मग पुन्हा वळवलं. ट्रक थांबला.

"बसा," ते म्हणाले. "लवकर बसा, लोक बघायलेत."

 नांदेडच्या अलीकडे त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "चार दिवस झाले लिहून. द्यायची हिंमत होत नव्हती." पत्रात दुष्काळातल्या धान्यवाटपाचं लिहिलं होतं. कोणत्या गावाचा ट्रक आधी, कोणत्याचा मागून, हे तिने कसं लावलं आणि त्यामुळे माल कसा लवकर पोचू लागला. शेवटची ओळ त्यांनी खोडून पुन्हा लिहिली होती. "चेअरमनला कळलं तर बघू. तुम्ही जा आता."

ती वर्गात शिरली तेव्हा पेपर वाटून झाले होते. देखरेखीच्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, तिच्या धुळीने भरलेल्या लुगड्याकडे पाहिलं आणि जागा दाखवली. पहिला प्रश्न व्याजाचा. आला. दुसरा सरासरीचा. आला. तिसरा मात्र पुढे सरकेना. मध्येच डोळ्यापुढे लाइन यायची, दारात बसलेली माय, आणि पोत्यात भरलेली भांडी. जीप एव्हाना आली असेल. ती तीच ओळ पुन्हा पुन्हा लिहीत होती. मग बन्सीधर सरांचा आवाज आठवला, रोज सकाळी ऐकलेला. अडलं की सोड. पुढचं घे. गणित कुठं पळून जात नाही. तिने तिसरा प्रश्न सोडला. पुढचे दोन केले. शेवटी परत तिसऱ्याकडे आली तेव्हा चूक समोरच दिसत होती. ती सुधारून पुरं लिहायच्या आत घंटा झाली. अर्धा प्रश्न तसाच राहिला.

संध्याकाळी ती लाइनीत परतली तेव्हा लांबूनच पाहिलं, रस्त्यावर सामान पडलेलं होतं. खाट, पेटी, पाळणा. ती धावली. सामान टोकाच्या घरांचं होतं. चार घरं रिकामी करून झाली होती, पाचव्याच्या दारात बायका एकमेकींच्या पदराला पदर बांधून बसल्या होत्या. त्यांना सोडवण्यात दिवस कलला आणि साहेब लोक उद्या बघू म्हणून निघून गेले होते. सरजाबाई तिथेच होती. तिच्या नाकाची एक बाजू सुजलेली होती.

"माय, काय झालं?"

"काय न्हाई. ढकलाढकलीत लागलं." सरजाबाईने पोरीचा चेहरा पाहिला. "तुझं काय झालं?"

"अर्धा प्रश्न राहिला."

"अन् बाकीचे?"

"केले."

"मंग बस हितं. पाणी पी."

ते दुसऱ्या दिवशी काही आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही. महिना सरता सरता संप मागे घेतला गेला. टोकाची चार कुटुंबं दुसऱ्यांच्या घरात दाटीवाटीने राहिली. सटवाजी पालमहून आला तो दाढी वाढलेला, उन्हाने रापलेला. दुसऱ्या दिवशी कामावर गेला आणि तासाभरात परत आला. त्याच्या हातात कागद होता. त्याला सेवेतून कमी केलं होतं.

घरात कुणी रडलं नाही. सटवाजी ओसरीत बसून राहिला. मग लेकीला म्हणाला, "तुझं कवा कळंल?"

सत्यशीलाचा दुसरा वर्ग आला, अगदी काठावर. तिने बन्सीधर सरांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "काठावर कसा आला? काय चुकवलंस?" आणि तिला ओट्यावर बसवून तो अर्धा राहिलेला प्रश्न पुरा सोडवून घेतला.

मुलाखत जूनमध्ये होती. टेबलाच्या पलीकडे तिघे होते. विभागप्रमुख, एक तरुण प्राध्यापक आणि बाहेरचे एक कारखानदार. प्राध्यापकाने सुरुवातीलाच फळ्याकडे बोट केलं. "सर्टिफिकेट पाहिलं. ते पाठ करूनही मिळतं. दोन प्रकारचं बियाणं आहे, दोन भाव आहेत, पोत्यांची एकूण संख्या आणि एकूण किंमत देतो. कोणतं किती ते काढा."

तिने खडू घेतला.  समीकरणं मांडली, सोडवत गेली, आणि शेवटी उत्तर आलं ते उणे. मागे कुणीतरी खाकरलं.  क्षणभर वाटलं, खडू ठेवावा आणि जिना उतरून जावं.

"चुकलंय," ती फळ्याकडे पाहतच म्हणाली. "पोती उणे नसतात." बोटाने ओळी मागे मागे चाळत ती वर गेली. दुसऱ्या ओळीत चिन्ह बदलायचं राहिलं होतं. तिथून खालचं सगळं पुसलं आणि पुन्हा लिहिलं. या वेळी उत्तर बसलं.

"घाबरलात का?" प्राध्यापकाने विचारलं.

"हो."

विभागप्रमुखांनी किशनरावांचं पत्र पुढे सरकवलं. कारखानदारांनी ते वाचलं आणि मान वर केली. "वडील काय करतात?"

"रेल्वेत गँगमन होते."

"होते?"

"संपात होते. काढून टाकलं."

 विभागप्रमुख खिडकीकडे बघू लागले. कारखानदारांनी खुर्चीत मागे रेलून विचारलं, "उद्या तुम्ही माझ्याकडे मॅनेजर झालात आणि माझे कामगार संपावर गेले, तर काय कराल?"

सत्यशीलाने या प्रश्नाची तयारी केली नव्हती. गणिताशिवाय कशाचीच केली नव्हती. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण संपावर गेलेल्याच्या घरात काय होतं ते मी पाहिलंय. ते मी पाहिलंच नाही असं करून मला काही ठरवता येणार नाही. तुम्हाला ते चालणार नसेल तर..." 

कारखानदारांनी काहीतरी लिहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. "या," ते म्हणाले.

निकाल यायला पंधरवडा लागला आणि तो पंधरवडा उन्हाळ्याहून वाईट गेला. सटवाजी येलदरीच्या कॅनॉलवर खोदकामाला जाऊ लागला होता. नोकरीबरोबर क्वार्टरही गेलं होतं. भाड्याच्या खोलीतलं घर आता तिच्या पगारावर चालत होतं, आणि औरंगाबादला गेलं तर तो पगारही जाणार होता. तिने मनाशी ठरवून टाकलं होतं, नाव आलं नाही तर बरंच होईल. नाव आलं, पण अटीवर. पहिल्या सहामाहीत स्टॅटिस्टिक्स सुटलं नाही, तर प्रवेश रद्द.

"म्या जाऊ का नको?" तिने विचारलं. तिघं चुलीपाशी बसली होती.

सटवाजी म्हणाला, "शिष्यवृत्ती मिळती म्हणत हुतीस ना?"

"मिळती. पण घराला काय?"

"घराला म्या हाय. कॅनॉलवर माती उकरणारे हात रुळावरचेच हायेत." त्याने भाकरीचा तुकडा मोडला. "नापास झालीस तर परत ये. पास झालीस तरी ये अधूनमधून."

ती गेली. पहिल्या सहामाहीत तिच्याशिवाय कुणी बाई वर्गात नव्हती, आणि गणितात तिच्याइतकं मागेही कुणी नव्हतं. रात्री वसतिगृहात आठवीचं पुस्तक काढून बसायची लाज तिने सोडून दिली. स्टॅटिस्टिक्सच्या पेपरात ती पास झाली, वरच्या नंबरात नाही, मधल्यात. दुसऱ्या वर्षी कापसाच्या खरेदीवर तिने केलेला प्रकल्प विभागात ठेवून घेतला गेला.

सत्त्याहत्तरला दिल्लीतलं सरकार बदललं आणि संपात काढलेल्यांना परत घेतलं. सटवाजी पुन्हा रुळावर गेला. सत्यशीला तोवर परभणीच्या एका सहकारी बियाणे केंद्रात व्यवस्थापक म्हणून लागली होती. पहिल्या हंगामात तिथल्या जुन्या कारकुनाने तिच्यापुढे आकडेमोडीचा गठ्ठा आणून ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, हे आमी बघून घेतो, तुमी फक्त सही करा."

"ठेवा," ती म्हणाली. "एकदा मी करून बघते. मला वेळ लागेल."

कारकून दारात उभा राहिला. तिने पेन्सिल काढली, पहिला आकडा खाली उतरवून घेतला, आणि त्याला म्हणाली, "बसा की. उभं कशाला राहता?"